पिंडारीला तू गेलीस

आई, त्या उन्हाळ्यात मी तुझ्याशी दीड महिना धड बोलले नाही. त्यातले अठरा दिवस तू सोलापुरात नव्हतीस, पण ते वजा केले तरी बरेच उरतात. दोन खोल्यांचं आपलं घर, एकच स्टोव्ह, आणि तरी तू पुढं केलेलं ताट मी तुझ्याकडे न बघता घ्यायची. तू वारलीस तेव्हा तुझं जे वय होतं, त्याच्या पुढं मी आता बरीच आले आहे. सकाळी दोन कामं झाली की दुपार मोकळी असते, आणि त्या मोकळ्या दुपारी मला तो उन्हाळा आठवतो. आज म्हटलं, लिहून टाकावं.

हिमनदीला जायची कल्पना माझी नव्हती. कॉलेजच्या वाचनालयात एका मासिकात हिमालयातल्या पिंडारीवर लेख आला होता, तो माझ्या मैत्रिणीनं शोधला. तुला ती चांगलीच आठवत असेल. तिच्या घरी कन्नड बोलायचे, ती तिच्या आईला अव्वा म्हणायची आणि आपल्याकडे आली की सरळ स्वयंपाकघरात शिरून डबे उघडायची. लेखाबरोबर एक काळापांढरा फोटो होता. दोन डोंगरांच्या मधून बर्फ खाली उतरलेला आणि त्याच्या पायाशी चार ठिपके. ते ठिपके म्हणजे माणसं आहेत हे आम्हाला बऱ्याच वेळानं कळलं. मोठ्या दुष्काळाला तेव्हा दोन-तीनच वर्षं झाली होती. टँकरमागं घागरी घेऊन धावण्यात आमची शाळेची शेवटची वर्षं गेली होती, आणि इथं मैलच्या मैल पाणी गोठून नुसतं पडून आहे, कुणी त्याला हात लावत नाही, हे आम्हाला खरंच वाटेना. ती म्हणाली, "आपण जाऊ की." एवढ्या साध्या आवाजात, जसं काही अक्कलकोटला जायचं आहे.

मी आणि तिनं तुला सांगितलं तेव्हा तू ड्युटीवरून नुकतीच आली होतीस. पाय बादलीत सोडून बसली होतीस. तू म्हणालीस, "बर्फ बगायला एवड्या लांब? स्टेशनाच्या मागं बर्फाचा कारखाना हाय की. लाद्या बगून या." आम्ही दोघी हसलो, तूही हसलीस, आणि मला वाटलं विषय संपला. पण चार दिवसांनी मी नकाशाचं पुस्तक उघडून बसले असताना तू पाठीमागून वाकून विचारलंस, "कुटं हाय ते?" मी बोट ठेवलं. तू बराच वेळ त्या बोटाकडे बघत राहिलीस. वडील गेले तेव्हा मी सहा वर्षांची होते. त्यानंतर तू नर्सिंगचं शिकलीस, नोकरीला लागलीस, आणि सांगोल्याकडचं तुझं माहेर आणि सोलापूरचा दवाखाना एवढ्याच दोन ठिकाणांमध्ये तुझं सगळं जाणंयेणं झालं. हे मी आज लिहिते आहे. तेव्हा माझ्या मनातही आलं नव्हतं.

आम्ही सहा जणी तयार झालो. पत्रव्यवहार माझ्याकडे आला, कारण माझं हिंदी त्यातल्या त्यात बरं होतं. वाटेवर मुक्कामाला सरकारी बंगले आहेत असं लेखात होतं. त्यांच्या आरक्षणासाठी मी अल्मोड्याला पत्रं घातली आणि दीड-दोन महिन्यांनी टाईप केलेली उत्तरं आली. दौंड, मनमाड, मग आग्र्याला गाडी बदलून काठगोदाम. तिथून बसनं बागेश्वर, पुढं जिथपर्यंत रस्ता असेल तिथपर्यंत. मग चालत: लोहारखेत, धाकुरी, खाती, द्वाली, फुरकिया. ही नावं मला पाढ्यांसारखी पाठ होती. कुठून कुठं किती मैल, चढ कुठं, पाणी कुठं, शेवटचं गाव कुठलं. फुरकिया हा शेवटचा मुक्काम. तिथून उजाडायच्या आत निघायचं, हिमनदीच्या तोंडाशी जायचं आणि दुपारच्या आत माघारी यायचं, कारण दुपारनंतर वर ढग उतरतात.

मी केलेली सामानाची पहिली यादी तू मागून घेतलीस. मला वाटलं तू माझं अक्षर बघून खूश होशील. कॅमेरा, वही, दोन पेनं, काळा चष्मा, केसांसाठी रिबिनी, कोलनवॉटर. तू ती वाचलीस आणि विचारलंस, "पायाला फोड आला तर काय लावनार?" मी वाकून यादीत बघितलं. "जुलाब लागले तर? एकीची पाळी तिकडंच आली तर? एकीचा पाय मुरगाळला तर बाकीच्या पाच जणी काय करनार, रिबिनी बांदनार?" मग यादी परत माझ्या हातात देऊन म्हणालीस, "ही लग्नाला जायाची यादी हाय. दुसरी कर." मला राग आला होता, पण दुसरी यादी मी केली, आणि ती तीनदा केली. तिसऱ्या खेपेला तू नुसती मान हलवलीस.

खरी अडचण पुढं आली. एकेकीच्या घरून एकच प्रश्न यायला लागला, बरोबर मोठं बाईमाणूस कोण? कॉलेजातल्या एका बाईंना आम्ही विचारलं, त्यांना घरून परवानगी मिळेना. दोन मुलींचे वडील तर सरळ नाही म्हणाले. आम्ही सहा जणी आपल्या ओट्यावर तोंडं पाडून बसलो होतो, आणि तू आतून कणकेच्या हातानं बाहेर येऊन म्हणालीस, "मी आले तर चालंल का त्यांना?" सगळ्या ओरडल्या. मी नाही ओरडले. मैत्रिणींबरोबर जायचं आणि आई बरोबर, म्हणजे पुन्हा शाळेची सहल, असं काहीतरी मला वाटलं. तुझ्या ते लक्षात आलं असणार. तू माझ्याकडे बघून म्हणालीस, "मी मागं चालीन. पुढं तुमी."

पण तू मागं राहणारी नव्हतीसच. त्या दिवसापासून सगळी तयारी तुझ्या हातात गेली. रोज पहाटे किल्ल्याभोवती दोन फेऱ्या, त्याही पाठीवर ज्वारी बांधून. आधी तीन किलो, मग पाच, मग सात. शेजारी मागावर चादरी विणणारं तेलुगू कुटुंब होतं, त्यांच्या बाईनं जाड चादरी दुहेरी शिवून आम्हाला झोपायच्या पिशव्या करून दिल्या. तिला बर्फात झोपणार आहोत असं सांगितलं तेव्हा तिनं कपाळाला हात लावला आणि प्रत्येक पिशवीत आणखी एक चादर शिवली. मैंदर्गीच्या एका बाईकडून तू कडक भाकरीच्या चळती आणवल्यास, महिनाभर ठेवल्या तरी खराब न होणाऱ्या. घरात आठवडाभर शेंगाची चटणी कुटली जात होती. माझ्या मैत्रिणीनं कांडताना एवढी चटणी चाखली की तू तिच्या हातातून बत्ताच काढून घेतलास. फार सुखाचे दिवस होते गं ते. मला तेव्हा ते नुसते तयारीचे दिवस वाटत होते.

एप्रिलच्या सुरुवातीला तू आम्हाला तुळजापूरच्या घाटात नेलंस. सोलापुरात चढच नाही, आणि चढ चढल्याशिवाय कोण कशी आहे ते कळत नाही, असं तुझं म्हणणं. एसटीनं पायथ्याला उतरलो आणि सात-सात किलो पाठीवर घेऊन चालायला लागलो. अर्ध्या घाटात माझी मैत्रीण रस्त्याच्या कडेला दगडावर बसली. "पुढं व्हा, आले," म्हणाली. हसत होती, पण ओठ निळसर दिसत होते आणि वाक्य एका दमात पुरं होत नव्हतं. तू मागं वळून तिच्यापाशी गेलीस आणि तिच्या मनगटावर बोटं ठेवून उभी राहिलीस. मी म्हटलं, "काल पेपरचा अभ्यास करत जागली असेल." तिची ज्वारी तू तुझ्या पाठीवर घेतलीस आणि बाकीच्या घाटात तिच्याशी नुसतं जेवणाखाण्याचं बोलत राहिलीस.

दोन दिवसांनी, मी परीक्षेला गेले असताना (तिचा त्या दिवशी पेपर नव्हता), तू तिला घरी बोलावलंस. हे मला खूप वर्षांनी कळलं, पण इथंच सांगते, कारण इथंच ते घडलं. तू आतल्या खोलीत तिच्या छातीला नळी लावलीस. लहानपणी ताप येऊन सांधे सुजले होते का, विचारलंस. सुजले होते. मग तू तिला दवाखान्यात तुझ्या ओळखीच्या डॉक्टरांकडे मागच्या दारानं नेलंस, आणि त्यांनीही तेच सांगितलं. हृदयाची एक झडप खराब होती. दर तीन आठवड्यांनी इंजेक्शन घ्यायचं, जड उचलायचं नाही, आणि दहा-बारा हजार फुटांवर जायचं तर नावच काढायचं नाही. ती रडली, पण बर्फासाठी नाही. तिचं लग्न ठरलं होतं. दुधनीचं घर, धान्याचा व्यापार, साखरपुडा झालेला. तिनं तुझे पाय धरले आणि म्हणाली, "मावशी, कुणाला कळू देऊ नका. मला एकटीला गाळलं की सगळ्या विचारतील, का गाळलं. अव्वाच्या कानावर जाईल, मग दुधनीपर्यंत जाईल." तू विचारलंस, माझ्या मुलीला तरी सांगू का? ती म्हणाली, "तिला नको. तिच्या पोटात राहत नाही."

ते खरं होतं. माझ्या पोटात काहीच राहत नसे.

मग तू काय केलंस ते मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. शेवटचा पेपर झाला त्या संध्याकाळी तू सगळ्यांना बोलावलंस. आपल्या ओट्यावर सतरंजी घातली होती. तू म्हणालीस, बंगल्याचं पत्र आलंय, पाच जणांचीच सोय होईल. सात जणी जमणार नाहीत. दोघींना राहावं लागेल. मग तू म्हणालीस, "चिठ्ठ्या टाकत न्हाय. माझी पोरगी राहील. म्हंजे कुनी म्हनायला नको की आईनं आपलीच पुढं काढली. आन तिच्या जोडीला तिची मैत्रीण राहील. दोगी एकमेकीशिवाय राहत न्हायत, एक गेली तर दुसरीचा जीव हितं लागायचा न्हाय." कुणी काही विचारलंच नाही. स्वतःच्या मुलीला गाळणाऱ्या बाईला काय विचारणार? चौघी खाली मान घालून बसल्या आणि माझी मैत्रीण भिंतीकडे तोंड करून बसली. मला वाटलं तिला रडू येतंय आणि मला दाखवायचं नाहीये.

त्या गेल्यावर मी तुला म्हटलं, "पत्र दाखव." तू म्हणालीस, दवाखान्यात राहिलं. मी म्हटलं, पत्रं सगळी माझ्या नावावर येतात, हे तुझ्या नावावर कसं आलं? तू स्टोव्हला पंप मारत राहिलीस. मी म्हटलं, आपण जमिनीवर झोपू, व्हरांड्यात झोपू, चादरी एवढ्या आहेत. "पाच म्हंजे पाच." मी म्हटलं, मग तू राहा. तू म्हणालीस, "मी राहिले तर त्या चौगींना कोन सोडंल?" तेही खरंच होतं, आणि ते खरं असल्यामुळं माझा आणखी संताप झाला. मी जे पुढं बोलले ते एकदा लिहायलाच हवं. मी म्हटलं, "पत्रबित्र काही आलेलं नाही. तुला जायचं होतं म्हणून तू मला काढलंस. सगळं मी केलं, एक वर्ष मी केलं, आणि जाणार तू."

स्टोव्ह भडकला होता, तू किल्ली फिरवून तो बारीक केलास. मग माझ्याकडे बघितलंस आणि म्हणालीस, "व्हय. मला बी जायाचंय की."

एवढंच. बाजू मांडली नाहीस, रागावली नाहीस. त्यानंतर आपलं बोलणं थांबलं. पुढच्या आठ-दहा दिवसांत मी माझ्या पाठ असलेल्या सगळ्या गोष्टी कागदावर लिहून काढल्या, मुक्काम, मैल, गाड्यांच्या वेळा, आणि तो कागद तुझ्या पिशवीवर ठेवला. चांगुलपणानं नव्हे. माझ्याशिवाय तुझं चालणार नाही हे तुला कळावं म्हणून. तू निघालीस त्या दिवशी स्टेशनावर मी आले नाही. सांगोल्याची मावशी, तुझी बहीण, माझ्या सोबतीला येऊन राहिली होती, ती गेली आणि परत येऊन म्हणाली, "गाडी हलस्तवर दारात उभी हुती बग तुझी आई." मी ऐकलंच नाही असं केलं.

ते अठरा दिवस मी माझ्या मैत्रिणीच्या गच्चीवर काढले. मे महिना, ऊन कललं तरी गच्चीची फरशी तापलेलीच, आम्ही तिच्यावर पाणी मारून बसायचो. मी रोज हिशेब सांगायची, आज त्या आग्र्याला असतील, आज बागेश्वरला, आज धाकुरीच्या खिंडीतून त्यांना पहिल्यांदा शिखरं दिसली असतील. आणि प्रत्येक मुक्कामाबरोबर मी तुला बोल लावायची. स्वार्थी म्हणायची. एकदा मी म्हटलं, "माझी आई मला आता कधी आईसारखी वाटणारच नाही." त्यावर ती एवढी रडायला लागली की मी घाबरले. मला वाटलं, बिचारीचा बर्फ हुकला म्हणून रडते आहे. मी तिला जवळ घेतलं आणि म्हटलं, "पुढच्या वर्षी आपण दोघी जाऊ. आईला न सांगता." ती माझ्या खांद्यावर डोकं ठेवून म्हणाली, "असं बोलू नको गं मावशींना." तिला किती वेळा सांगावंसं वाटलं असेल! पण एका शब्दानं तिचं लग्न मोडलं असतं, आणि ते माझ्या पोटात राहिलं नसतं.

तू परत आलीस ती ओळखू येत नव्हतीस. चेहरा काळा पडलेला, नाकावरची कातडी सोललेली, ओठ फुटलेले. त्या चौघी दोन-तीन दिवस रोज यायच्या, सगळ्या एकदम बोलायच्या, आणि मी भांडी घासायला मोरीत जाऊन बसायची. त्या आठवड्यात एकदा आपण दोघीच जेवत होतो. तू भाकरी मोडता मोडता म्हणालीस, "फुरकियावरनं आमी निगालो तवा—" आणि मी उठले. पाण्याचा तांब्या शेजारीच होता, तरी मी पाणी आणायला उठले. आत जाऊन माठापाशी उभी राहिले. बाहेर येईपर्यंत तू भाकरीकडे बघत जेवत होतीस. ते वाक्य तू पुन्हा कधी सुरू केलं नाहीस. दुसऱ्या दिवशी सात वाजता तू ड्युटीवर गेलीस.

दीड महिना संपला आणि आपण बोलायला लागलो, जसं एका घरातली माणसं लागतात. मीठ संपलंय, दूधवाला आला नाही. मी बीएड केलं, नोकरीला लागले, माझं लग्न झालं. पिंडारीचा विषय घरात निघाला नाही.

तिची बाजू अशी झाली. तिचं गुपित तू सांभाळलंस, पण तिला एक अट घातली होतीस. "मी कुनाला सांगनार न्हाय. पन त्याला तू सांगायचं. लग्नाच्या आदी. न्हाय सांगितलंस तर मी हळद लावायला येनार न्हाय." जूनमध्ये तिनं त्याला सांगितलं. तिसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं दुधनीहून आला तो थेट तुझ्या वॉर्डात. तू सलाईन लावत होतीस, तो दारात टोपी हातात धरून उभा. तुला वाटलं, लग्न मोडल्याचं सांगायला आला आहे. तो म्हणाला, "बाई, हिला काय काय जमत नाही, तेवढं कागदावर लिहून द्या बघा. मी ध्यानात ठेवतो." तू त्याला केसपेपरच्या पाठीवर लिहून दिलंस. त्यानंतर दर तीन आठवड्यांनी तो तिला घेऊन यायचा, इंजेक्शन तू द्यायचीस, आणि मला वाटायचं, बघा, कशी माहेरच्या ओढीनं सारखी सोलापूरला येते.

आठ-नऊ वर्षांनी तिचं झडपेचं ऑपरेशन पुण्याला झालं. आदल्या दिवशी मी तिला भेटायला गेले. तिचा नवरा फळं आणायला बाहेर गेला होता. ती म्हणाली, "उद्या काय होईल कुणास ठाऊक, आता तुला सांगूनच टाकते." आणि तिनं मला सगळं सांगितलं, घाटापासून केसपेपरपर्यंत. तुला तिनं विचारलं होतं, "तिला का काढता मावशी, सगळं तिनं केलंय." तेव्हा तू म्हणालीस, "म्हनूनच. ती राहिली तर कुनाला संशय यायचा न्हाय." मी काय बोलले ते मला आठवत नाही. ऑपरेशन नीट झालं. ती अजून आहे, दुधनीलाच असते, आता तिच्याही गुडघ्यांची तक्रार आहे.

पुण्याहून मी रात्रभर बसमध्ये वाक्यं जुळवत आले. सकाळी थेट तुझ्या घरी पोचले, तू पुढच्या खोलीत मेथी निवडत बसली होतीस. मी तुझ्यासमोर बसले. म्हटलं, "तिला भेटून आले." तू न बघता विचारलंस, "बोलली का काई?" मी म्हटलं, "बोलली. सगळं बोलली." मग तू जुडीतली अर्धी मेथी माझ्याकडे सरकवलीस आणि म्हणालीस, "बरं झालं. तिच्या छातीवरचं वजं उतरलं. देठं बारीक काढ, जाड राहत्यात तुझी." आणि मी मेथी निवडत बसले. जुळवलेलं एकही वाक्य निघालं नाही. त्यानंतर तू अकरा वर्षं होतीस. अकरा वर्षं मी दर आठवड्याला तुझ्याकडे यायची, तुझ्या डोक्याला तेल लावायची, आणि 'तिथं काय होतं गं आई' एवढं विचारलं नाही. विचारलं असतं तर आधी माफी मागावी लागली असती, आणि माफी मागायला मी रोज उद्याचा दिवस धरायची.

तुझ्या दहाव्याला त्या चौघींपैकी एक आली होती. जाताना दारात थांबून तिनं मला एक गोष्ट सांगितली, मी न विचारता. हिमनदीच्या तोंडाशी पोचल्यावर तुम्ही सगळ्यांनी भाकरी खाल्ली, मग तू त्यांना हमालाबरोबर पुढं परत पाठवलंस, म्हणालीस, मी येते. त्या खालच्या वळणावर थांबून बघत होत्या. तू एका दगडावर बसली होतीस, पदर डोक्यावरून घट्ट ओढून, आणि अर्धा तास हलली नाहीस. "आम्हाला वाटलं मावशींना चक्कर आली. पण मग उठल्या आणि भराभर उतरल्या. काही बोलल्या नाहीत." ती अर्ध्या तासाची गोष्ट मी इतकी वर्षं मनात घेऊन आहे. तू माझ्याबद्दल विचार करत होतीस का? वडिलांचा? की नुसतं बघत होतीस? त्या संध्याकाळी स्टोव्हपाशी तू मला जे म्हणालीस, ते मला गप्प करायला म्हणालीस असं मी पुण्याहून येताना ठरवून टाकलं होतं. आता मला वाटतं ते खरंच असावं. तुला खरंच जायचं असावं. आणि तसं असलं तर मला बरं वाटेल, आई. तू नुसतं माझं हिरावून घेतल्याचं सोंग केलं नाहीस, तुलाही काही मिळालं, असं होईल.

हे पत्र मी कुठं पाठवणार? लिहून झालं की कपाटात टाकीन. पण एक गोष्ट राहिली आहे, ती सांगते आणि थांबते. माझी नात आता नऊ वर्षांची आहे, तिला डोंगरांचं फार वेड. एकदा मी तिला लोहारखेतचा चढ सांगितला, धाकुरीची खिंड सांगितली, खातीच्या पुढं वस्ती नाही ते सांगितलं. मला सगळं पाठ आहेच. सांगता सांगता 'त्या गेल्या'चं 'आम्ही गेलो' कधी झालं ते मला कळलं नाही, आणि कळल्यावर मी ते दुरुस्त केलं नाही. तिनं शाळेत निबंध लिहिलाय, माझी आजी हिमनदीवर गेली होती. तिला खरं सांगायचं आहे. पण मी खरं सांगितलं, की ती लगेच विचारील, मग तुझ्या आईनं तिथं काय पाहिलं? आणि तेवढं मला माहीत नाही.